शिष्यत्वाची किंमत : रेव्हरंड टिळक आणि ‘देवाचा दरबार’



रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांना अपरिचित नाही. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून त्यांची ओळख शालेय वयातच होते. पुढे लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ हाती येतात आणि हे दांपत्य वाचकाच्या घरचेच होऊन जाते. तथापि टिळकांच्या आयुष्याचे अखेरचे पर्व बहुतेकांना ठाऊक नसते. १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास जाऊन ‘देवाचा दरबार’ नावाचा एक शिष्यसमुदाय उभारण्यास प्रारंभ केला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. म्हणजे या प्रयोगाला जेमतेम दीड-दोन वर्षांचे आयुष्य लाभले. व्यवहाराच्या तराजूत तोलले तर तो फसला असेच म्हणावे लागेल.

असे असूनही आज त्याच प्रयोगाचा विचार करावयाचा आहे. कारण त्याच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो शंभर वर्षांनंतरही जुना झालेला नाही. आपली श्रद्धा दुसऱ्यापर्यंत कशी पोहोचवावी? पोहोचविताना किंमत कोणी मोजावी? आणि समोरच्या माणसाने नकार दिला तर त्याच्याशी असलेले आपले नाते कोणते राहावे? धर्मांतराच्या प्रश्नावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. परंतु जो मनुष्य स्वतः त्या वाटेने गेला, ज्याने तिच्यापायी घरदार पणाला लावले आणि आयुष्याच्या अखेरीस जो आपल्याच मिशनच्या चौकटीबाहेर पडला, त्याची साक्ष ऐकल्याशिवाय ही चर्चा पुरी होत नाही.

शिष्य आणि सभासद

प्रथम मूळ कल्पना समजून घ्यावयास हवी. ख्रिस्ती धर्मप्रसाराचा आधार म्हणून मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस आलेली येशूची आज्ञा सांगितली जाते. सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा, त्यांना बाप्तिस्मा द्या आणि मी जे सांगितले ते पाळावयास त्यांना शिकवा, असा तिचा आशय आहे. येथे ‘शिष्य’ या अर्थी आलेल्या ग्रीक शब्दाच्या मुळाशी ‘शिकणारा’ हा भाव आहे. म्हणजे आज्ञा शिकणारे घडविण्याची आहे. नोंदवहीत नावे वाढविण्याची नाही. शिकणारा घडवावयाचा तर शिकविणाऱ्याने आधी स्वतः शिकलेले असावे लागते, हे ओघानेच आले.

शुभवर्तमानांत या शिष्यत्वाच्या अटी फार कडक आहेत. बारा शिष्यांना गावोगाव पाठविताना येशूने त्यांना सोने-चांदी, झोळी वा दुसरा अंगरखा बरोबर घेऊ नका असे बजावले. जे गाव स्वीकारणार नाही तेथे थांबू नका, पायांची धूळ झटका आणि पुढे चला, असेही सांगितले. दुसऱ्या एका ठिकाणी बुरूज बांधणाऱ्याचा दाखला येतो. बुरूज बांधण्यापूर्वी शहाणा मनुष्य खर्चाचा हिशेब करतो. तसा हिशेब केल्याशिवाय शिष्य होऊ नका, असे त्याचे तात्पर्य आहे. या दोन्ही उपदेशांतून दोन गोष्टी निघतात. खर्च सांगणाऱ्याने स्वतः सोसावयाचा, ही पहिली. ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची पूर्ण मोकळीक ठेवावयाची, ही दुसरी.

या दोन कसोट्या इतिहासात नेहमी पाळल्या गेल्या काय? गोमंतकाचा अनुभव याचे उत्तर देतो. इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली छापलेल्या या ग्रंथात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. मराठी भाषेवरील त्यांचे प्रेम शंकातीत होते. परंतु त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन बसले होते आणि १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. एका साधुवृत्तीच्या कवीची गोड वाणी आणि तिच्यामागे उभी असलेली राजसत्ता, या दोहोंची सरमिसळ झाली की ऐकणाऱ्याचा होकार कितपत त्याचा स्वतःचा, हे सांगणे अवघड होते. टिळकांच्या प्रयोगाचे मोल जाणण्यासाठी ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवली पाहिजे.

एक पुस्तक आणि काही पत्रे

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन कुटुंबात झाला. आई जानकीबाई काव्याची आवड असलेली, भाविक स्त्री. ती लवकर गेली आणि वडिलांच्या कडक स्वभावामुळे मुलगा घराबाहेर पडला. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृतचे अध्ययन झाले. तेथेच विवाह झाला. त्यानंतर शिक्षक, कीर्तनकार, पुराणिक, संपादक अशा अनेक भूमिका घेत ते महाराष्ट्रभर हिंडले. नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम त्यांनी केले. जातिभेदाने पोखरलेल्या समाजाला एकत्र आणील असा धर्म कोणता, या विचाराने त्यांना या काळात पछाडले होते. एक नवाच पंथ काढावा, असेही त्यांच्या मनात घोळत होते.

१८९३ च्या सुमारास राजनांदगावकडे जाताना आगगाडीत त्यांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. काव्यावर, धर्मावर बोलणे झाले. त्या गृहस्थाने निरोप घेताना नव्या कराराची प्रत हाती ठेवली. टिळकांनी ती आधी केवळ जिज्ञासेने उघडली. ‘डोंगरावरील प्रवचना’पाशी ते थबकले आणि पुढे त्यांना ते पुस्तक खाली ठेववेना. त्यानंतर जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनऱ्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. हेच ॲबट पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील संतांची चरित्रे इंग्रजीत आणण्याच्या कामात बुडून गेले. १९२६ पासून एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास यांच्यावरील त्यांचे ग्रंथ एकापाठोपाठ एक प्रसिद्ध झाले. शिकविणारा आणि शिकणारा या दोघांनाही मराठी संतांनी कवेत घेतले, हा योगायोग मोठा बोलका आहे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न घेता तुकाराम नथोजी या भारतीय पाळकाच्या हातून घेण्याचा त्यांचा आग्रह होता. धर्म बदलला तरी देश बदललेला नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगावयाचे होते.

त्यांच्या या निर्णयाशी सहमत होण्याची कोणावर सक्ती नाही. एवढ्या संस्कृतज्ञ आणि कीर्तनकार पुरुषाला आपल्याच परंपरेत समाधान का लाभू नये, ही हळहळ त्या काळच्या समाजाला वाटली आणि आजच्या वाचकालाही वाटेल. जातिभेदाच्या ज्या दुखण्याने ते बाहेर पडले, ते दुखणे घरचेच होते, हेही त्या हळहळीबरोबर मान्य करावे लागेल. परंतु त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी संशय घेण्यास जागा उरत नाही. एक पुस्तक, काही पत्रे आणि दोन वर्षांचे मंथन, एवढाच तो प्रवास होता. बदल्यात मिळाले काय? आप्तांचा विरह, समाजाचा बहिष्कार आणि मोडलेला संसार.

पहिली कसोटी : घर

हा मोडलेला संसार लक्ष्मीबाईंचा होता. पती ख्रिस्ती झाल्याची वार्ता आली तेव्हा त्या कडक सोवळ्यात वाढलेल्या, अक्षरओळख बेताचीच असलेल्या तरुण स्त्री होत्या. पदरी देवदत्त हा लहान मुलगा होता. त्या काळात अशा स्त्रीचे स्थान विधवेपेक्षाही अवघड. पती हयात, पण त्याच्याकडे जाणे म्हणजे धर्म सोडणे आणि न जाणे म्हणजे संसार सोडणे. सुमारे चार-पाच वर्षे हा वियोग चालला. या काळातील त्यांच्या जिवाची तगमग ‘स्मृतिचित्रां’त जशी उतरली आहे, तशी ती अन्यत्र क्वचितच वाचावयास मिळेल.

श्रद्धा वाटू पाहणाऱ्या माणसाची खरी परीक्षा व्यासपीठावर होत नाही. ती घरात होते. घरातील माणसे आपल्याला आतून-बाहेरून ओळखतात. त्यांच्यावर दडपण आणणेही सर्वांत सोपे असते. टिळक स्वभावाने तापट, हट्टी आणि लहरी होते. लक्ष्मीबाईंनी ते कोठेही झाकलेले नाही. आपल्या निर्णयाने एका निरपराध स्त्रीच्या आयुष्याची वाताहत होईल, याचा त्यांनी आधी किती विचार केला, हा प्रश्नही वाचकाच्या मनातून जात नाही. बुरुजाचा खर्च ज्याने मोजला त्याच्याबरोबर, न मोजलेल्या माणसालाही तो भरावा लागला.

परंतु पुढचा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. त्यांचे सोवळे त्यांच्याबरोबर आले. ते पाळता यावे अशी सोय त्यांना मिळाली. एकाच घरात ख्रिस्ती पती आणि सोवळ्यातील पत्नी असा संसार सुरू झाला. त्यानंतर त्यांचे मन आपल्याच गतीने बदलत गेले. माणसामाणसांत शिवाशीव देवाने निर्माण केली नाही, हे त्यांना आधी उमगले. बाप्तिस्म्याचा विचार त्यानंतर आला. १९०० साली त्यांनी राहुरी येथे बाप्तिस्मा घेतला. हा क्रम ध्यानात घ्यावा. त्या पतीच्या मागे फरफटत गेल्या नाहीत. त्यांनी स्वतः विचार केला, भांडण केले, थट्टा केली आणि मग ठरविले. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’तील खोडकर, निर्भय सूर हा स्वतःचा निर्णय स्वतः घेतलेल्या स्त्रीचाच सूर आहे.

दुसरी कसोटी : आश्रय

घरानंतर संस्था येते. येथे टिळकांच्या समकालीन पंडिता रमाबाईंचे उदाहरण पाहणे उद्बोधक ठरेल. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही कोणत्या सिद्धांतावर कसा विश्वास ठेवावा, हे चर्चच्या अधिकाऱ्यांनी आपल्याला सांगू नये, अशी त्यांची बाणेदार भूमिका होती. तेथील धर्मभगिनींशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हा वाद स्पष्ट दिसतो. येशूचे शिष्यत्व स्वीकारले म्हणून इंग्रजांचे शिष्यत्व ओघाने येत नाही, हा त्यांचा बाणा होता.

१८८९ साली त्यांनी मुंबईत ‘शारदा सदन’ काढले. उच्चवर्णीय विधवांना शिक्षण आणि आसरा देणारी ही संस्था पुढे पुण्यास आली. संस्थेत धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील, असे अभिवचन होते आणि त्या विश्वासावर न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे समाजधुरीण सल्लागार झाले. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करीत. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. वाद पेटला आणि १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले.

या प्रकरणी दोन्ही बाजूंना काही म्हणावयाचे होते. रमाबाईंचे म्हणणे असे की, कोणावर सक्ती नाही. परंतु स्वतःच्या खोलीत स्वतःची प्रार्थना करण्यासाठी दार लावून घेण्याची सक्ती त्यांच्यावर तरी का असावी? सल्लागारांची अडचण वेगळी होती. ज्या मुलीला अन्न, वस्त्र, छप्पर आणि सन्मान एकाच व्यक्तीकडून मिळतो, त्या मुलीच्या मनात त्या व्यक्तीच्या श्रद्धेविषयी ओढ निर्माण होणे स्वाभाविक आहे. ती ओढ किती विचारातून आली आणि किती उपकारातून, हे ठरविणार कोण? रमाबाईंच्या सेवेविषयी, त्यांच्या असामान्य धैर्याविषयी मनात आदर ठेवूनही हा दुसरा प्रश्न खरा आहे, असेच म्हणावे लागते. तो केवळ ख्रिस्ती संस्थांचा प्रश्न नाही. जो कोणी आश्रय देतो आणि त्याबरोबर विचारही देतो, त्या प्रत्येकाला तो लागू आहे. आणि विधवांना आसरा देण्याचे काम करावयास समाज स्वतः किती पुढे आला होता, हा प्रश्न त्या समाजाला त्याहून आधी लागू आहे.

तिसरी कसोटी : वेतन

टिळकांचे कार्य अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये सुमारे दोन तपे चालले. या मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईस आले होते आणि १८३१ पासून नगर हे त्यांचे प्रमुख केंद्र झाले. टिळक तेथे अध्यापन करीत, भजने रचीत, कीर्तने करीत. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या १८४२ साली निघालेल्या जुन्या पत्राच्या मराठी विभागाचे ते संपादक झाले. इंग्रजी चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांच्या जागी त्यांनी अभंग, ओवी आणि पद आणले. नगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. टिळकांनी तिचा राजमार्ग केला. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेत आजही त्यांची पदे गायिली जातात. आपण ख्रिस्ताकडे पोहोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, अशा अर्थाचे ते सांगत आणि ते अक्षरशः खरे होते.

त्यांच्या नगरच्या घरी नेहमी पाहुण्यांचा राबता असे. दुष्काळात पोरकी झालेली मुले त्यात होती, तसे तरुण कवीही होते. बालकवी ठोंबरे यांना या घराने पुत्रवत माया दिली. बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. त्या मायेत यामुळे काही उणे पडल्याचे दिसत नाही. नकारानंतरही नाते टिकते की नाही, या प्रश्नाचे हे एक प्रत्यक्ष उत्तर आहे.

मात्र मिशनच्या व्यवस्थेत टिळकांना काहीतरी खुपत होते. उपदेशक, शिक्षक, पाळक हे सारे पगारी नोकर होते. पैसा समुद्रापलीकडून येई. निर्णयाचा अधिकारही पुष्कळ अंशी तेथूनच येई. ख्रिस्ती झालेला मनुष्य आपल्या गावकीपासून तुटून मिशनच्या आवारात राहावयास येई आणि हळूहळू त्याची वेशभूषा, त्याची नावे, त्याचे विचारही परके होत. सांगणारा पगारी आहे असे कळले की ऐकणारा त्याच्या शब्दाकडे सौदा म्हणून पाहतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत मिशनऱ्यांनी असंख्य जीव वाचविले, हे निर्विवाद आहे. त्याच काळात मंडळ्यांची संख्या वाढली आणि ही वाढ भाकरीची की भक्तीची, असा प्रश्न विचारला गेला, हेही तितकेच खरे. टिळकांसारख्या मानी माणसाला हा प्रश्न झोंबणे स्वाभाविक होते.

दरबाराची रचना

या अस्वस्थतेतून १९१७ सालचा निर्णय झाला. मिशनशी असलेला आर्थिक संबंध त्यांनी तोडला. भारतात संन्याशाच्या शब्दाला जे वजन आहे ते पगारी उपदेशकाच्या शब्दाला येणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. साताऱ्यास त्यांनी जे मांडले त्याचे नावच सर्व सांगते. दरबार देवाचा, त्यात कोणी मालक नाही, कोणी नोकर नाही. ख्रिस्त हा एकमेव गुरू आणि बाकी सारे गुरुबंधू. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती तशीच बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही होती. ज्याला येशूकडून शिकावयाचे आहे, त्याने यावे. त्याने आपले घर, आपली नाती, आपला समाज सोडावा, ही पूर्वअट नव्हती.

यावर दोन्हीकडून आक्षेप आले असतील तर नवल नाही. आणि ते आक्षेप हलके नव्हते. ख्रिस्ती बाजूने विचार केला तर, शिष्य करा या आज्ञेतच बाप्तिस्म्याचा उल्लेख आहे. तो वगळून शिष्यत्व कसे पुरे होणार? ज्यांनी बाप्तिस्म्यासाठी आई-वडील गमावले, वाळीत पडणे पत्करले, त्यांनी काय समजावे? आपण भरलेली किंमत अनाठायी होती काय? ही वेदना खोटी म्हणता येत नाही. हिंदू बाजूने विचार केला तर संशय उलट दिशेचा. भगवे वस्त्र, अभंग, कीर्तन, दरबार हे सारे परिचित रूप घेऊन येणारा हा धर्मांतराचाच एक सौम्य मार्ग तर नाही?

या दुसऱ्या संशयाला टिळकांचे आयुष्यच उत्तर देते. ते कोण आहेत, कशावर विश्वास ठेवतात, हे त्यांनी कधीच लपविले नाही. ज्ञानेश्वर-तुकोबांची भाषा त्यांनी पांघरलेली नव्हती. ती त्यांच्या आईची, त्यांच्या गुरूची आणि त्यांच्या रक्ताची भाषा होती. वेश बदलून फसविणारा मनुष्य काही मिळविण्यासाठी तसे करतो. टिळकांनी दरबारासाठी होते ते वेतन सोडले.

पहिल्या आक्षेपाला मात्र ते पूर्ण उत्तर देऊ शकले नाहीत, असे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. विधी, मंडळी, शिस्त यांशिवाय केवळ ओढीवर उभा राहिलेला समुदाय किती काळ टिकतो? दरबार टिळकांच्या व्यक्तित्वाभोवती जमला होता. त्यांची प्रकृती ढासळली आणि त्यांच्या मृत्यूनंतर दरबारही विरून गेला. संस्थेला सांगाडा लागतो आणि प्राणही लागतो. मिशनकडे सांगाडा होता आणि प्राण घुसमटत होता. दरबारात प्राण होता आणि सांगाडा नव्हता. कार्य उभारणाऱ्या कोणालाही हा पेच नवा वाटणार नाही.

मृत्यूनंतर आपल्या देहाचे दहन व्हावे, अशी टिळकांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. अर्धवट राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे ओवीबद्ध महाकाव्य पुढे लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ज्या स्त्रीला एके काळी या धर्माने अनाथ केले होते, तिनेच ते काव्य हाती घ्यावे, यापरता शिष्यत्वाचा पुरावा कोणता? १९२२ साली जॉन विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने ‘ख्रिस्त सेवा संघ’ हा आश्रमी वळणाचा समुदाय स्थापन केला आणि पुढच्याच वर्षी टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. दरबार संपला, त्यातील बीज मात्र वाऱ्याने थोडे दूर नेऊन टाकले.

आजच्या संदर्भात

आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा अधिकार सर्वांना दिला आहे. १९७७ साली ‘रेव्हरंड स्टॅनिस्लॉस विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्याचा अर्थ लावला. आपल्या धर्माची तत्त्वे सांगणे, समजावणे, पसरविणे हा प्रसार होय. दुसऱ्याचे धर्मांतर घडविणे हा मात्र त्या अधिकारात मोडत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. एच. एम. सीरवाई यांच्यासारख्या थोर घटनातज्ज्ञाने या निर्णयावर टीका केली. ज्याला धर्म निवडण्याचे स्वातंत्र्य आहे त्याला बदलण्याचेही आहे, असा मतप्रवाह आजही आहे. हा वाद न्यायासनांसमोर होत राहील.

परंतु कायद्याला एक मर्यादा आहे. बळ, आमिष आणि फसवणूक यांवर तो बोट ठेवू शकतो. माणसाच्या अंतःकरणात काय चालले आहे, हे त्याला दिसत नाही. तेथे टिळकांच्या चरित्रातून निघालेल्या तीन कसोट्या अधिक उपयोगी पडतात. घरातील दुर्बळ माणसावर दडपण आले काय? आश्रय आणि उपदेश एकाच हाताने दिले गेले काय? सांगणाऱ्याने स्वतः काय सोडले? ख्रिस्ती प्रसारकाला हे प्रश्न विचारण्याचा समाजाला अधिकार आहे. मात्र हे प्रश्न विचारणाऱ्याने ते आरशासमोर उभे राहून स्वतःलाही विचारले पाहिजेत. एखादा तरुण आपल्यापेक्षा वेगळ्या निष्कर्षाला आला, तर त्याला घराबाहेर काढणे हेही दडपणच आहे. टिळकांना ज्या समाजाने वाळीत टाकले, त्याने त्यांची वाट सोपी केली की अवघड, याचा विचार व्हावयास हवा.

कोणत्याही कार्याचे बळ त्याच्या सभासदसंख्येत दिसते, असे आपण मानतो. अहवालात आकडे लागतात, ते असावेतही. परंतु एखाद्याच्या घरी चहा घेताना, रुग्णाच्या उशाशी बसताना, प्रवासात शेजारच्या माणसाशी बोलताना जे संक्रमित होते, त्याचा आकडा कोणत्याही अहवालात येत नाही. आगगाडीतील त्या अनोळखी गृहस्थाने एक पुस्तक दिले आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. नगरच्या घरात बालकवी वाढले आणि आपल्या वाटेने निघून गेले. देणाऱ्याने दोन्ही वेळा हात मोकळा ठेवला होता.

ज्याची श्रद्धा खरी असेल तो ती सांगितल्याशिवाय राहणार नाही. सांगूही नये असे त्याला कोणी म्हणू नये. मात्र सांगण्याआधी त्याने बुरुजाचा खर्च मांडावा आणि तो दुसऱ्याच्या नावे टाकू नये. पंचावन्नाव्या वर्षी भरला संसार असताना एका मराठी कवीने हा हिशेब पुन्हा एकवार केला आणि शिल्लक होते ते देऊन टाकले. त्याच्या देवाविषयी मतभेद राहतील. त्याच्या हिशेबाविषयी मतभेद राहू नयेत.